आकाशाची खानेसुमारी आणि रूपविकारी तारे

ज्या ताऱ्याचे तेज काळाबरोबर कमीजास्त होते त्याला रूपविकारी तारा म्हणतात. तेज बदलण्याची कारणे नाना प्रकारची असतात. एखादा तारा फुगतो आणि आकसतो, एखाद्याला त्याचा जोडीदार ठरावीक वेळी झाकतो, एखाद्याच्या पृष्ठावरचे डाग फिरत राहतात, तर एखाद्यावर शेजाऱ्याकडून ओढलेले द्रव्य साचून भडका उडतो. पृथ्वीवरून पाहणाऱ्याच्या हाती मात्र या सगळ्यांचा एकच पुरावा लागतो: कोणत्या वेळी किती तेज होते याच्या आकड्यांची यादी. त्या यादीवरून आधी तारा बदलतो हे ठरवायचे आणि मग तो का बदलतो हे ओळखायचे. या विद्येच्या सव्वाचारशे वर्षांच्या इतिहासात पहिले काम नेहमी पुढे धावले आणि दुसरे मागून धापा टाकत आले.

सुरुवात योगायोगाची आहे. १५९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फॅब्रिसियस या जर्मन धर्मोपदेशकाला तिमिंगल तारकासमूहात एक अनोळखी तारा दिसला. काही आठवड्यांनी तो मावळत गेला, म्हणून फॅब्रिसियसने त्याला नवतारा मानले. १६०९ मध्ये तोच तारा त्याला पुन्हा दिसला. हा तारा साधारण अकरा महिन्यांनी फिरून उजळतो हे १६३८ मध्ये योहानेस होल्वार्डाच्या लक्षात आले आणि हेवेलियसने पुढे त्याला 'मीरा', म्हणजे अद्भुत, असे नाव दिले. ययाती समूहातल्या मायावतीचे तेज बदलते हे इटलीच्या माँतानारीने १६६७ च्या सुमारास नोंदले होते. पण तिचा आवर्तकाल बांधला तो १७८३ मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकने. तो आवर्तकाल २ दिवस २० तास ४९ मिनिटांचा आहे. गुडरिकला ऐकू येत नव्हते आणि त्या वेळी तो विशीतही पोहोचला नव्हता. एखादा काळा सोबती मायावतीला मधूनमधून झाकत असावा, ही त्याची अटकळ शंभर वर्षांनी वर्णपटाच्या पुराव्याने खरी ठरली. पुढच्याच वर्षी त्याने वृषपर्वा समूहातल्या डेल्टा ताऱ्याचा ५ दिवस ९ तासांच्या आसपासचा फेरा शोधला. १७८६ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या जगाला माहीत असलेले रूपविकारी तारे डझनभर होते.

ही संख्या फार वाढेल असे कोणालाच वाटत नव्हते. त्याचा पुरावा या ताऱ्यांच्या नावांतच शिल्लक आहे. बॉनच्या फ्रीड्रिख आर्गेलांडरने १८४४ मध्ये अठरा ताऱ्यांची यादी देऊन हौशी निरीक्षकांना मदतीची हाक दिली आणि नावे ठेवण्याची रीतही घालून दिली. जुन्या नकाशांत क्यूपर्यंतची रोमन अक्षरे वापरून झाली होती. म्हणून प्रत्येक तारकासमूहातल्या पहिल्या रूपविकाऱ्याला आर, पुढच्याला एस, असे करत झेडपर्यंत जायचे. एका समूहाला नऊ नावे पुरतील असा हिशेब होता. ती संपली तेव्हा आरआर ते झेडझेड अशा जोड्या आल्या, त्याही संपल्या तेव्हा एए पासून क्यूझेडपर्यंतच्या आल्या. जे हे अक्षर आयशी घोटाळा होऊ नये म्हणून गाळले. अशी ३३४ नावे झाल्यावर अक्षरांचा नाद सोडून व्ही३३५, व्ही३३६ असे सरळ आकडे सुरू झाले. घराला माडीवर माडी चढवावी तशी ही नामावळी वाढली, आणि प्रत्येक माडी म्हणजे आधीच्या पिढीचा चुकलेला अंदाज.

आर्गेलांडरचे मोठे काम वेगळेच होते. त्याने व त्याच्या सहायकांनी अवघ्या तीन इंची दुर्बिणीतून उत्तरेकडच्या आकाशातल्या सुमारे सव्वातीन लाख ताऱ्यांची स्थाने व प्रती, म्हणजे तेजाची मापे, नोंदल्या. ही 'बॉन सूची' १८५९ ते १८६२ या काळात छापली गेली. ती रूपविकारी ताऱ्यांसाठी केलेली नव्हती, पण तिच्यामुळे कुठला तारा पूर्वी किती तेजस्वी होता हे विचारण्याची सोय झाली. तेज मोजण्याची आर्गेलांडरची पद्धत घरगुती म्हणावी इतकी साधी होती. बदलणाऱ्या ताऱ्याच्या शेजारी त्याच्याहून थोडा उजळ आणि थोडा मंद असे दोन स्थिर तारे निवडायचे आणि तो दोघांच्या मधल्या अंतरात किती पायऱ्यांवर आहे हे डोळ्यांनी ठरवायचे. सरावलेला निरीक्षक अशा रीतीने प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत पोहोचतो. आजही हौशी मंडळी हेच करतात.

प्रतीला पक्के गणित दिले ते नॉर्मन पॉग्सनने. पाच प्रतींचे अंतर म्हणजे शंभरपट तेज, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट, हे प्रमाण त्याने १८५६ मध्ये सुचवले. हाच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचा प्रमुख होऊन आला. तिथले त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातल्या आर रेटिक्युली या ताऱ्याची रूपविकारिता ओळखली. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. पण एका जोडी डोळ्यांनी एका वेळी एकच तारा पाहता येतो. ही मर्यादा ना बॉनमध्ये ओलांडता आली, ना मद्रासमध्ये.

ती ओलांडली काचेने. अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेचा संचालक एडवर्ड पिकरिंग याने १८८५ च्या सुमारास आकाशाची छायाचित्रे पद्धतशीर घ्यायला सुरुवात केली. उत्तर आकाशासाठी केंब्रिज आणि दक्षिणेसाठी पेरूमधले आरेकीपा अशी दोन ठाणी होती. मोठ्या दुर्बिणींच्या जोडीला लहान भिंगांचे 'पहारा' कॅमेरे रात्रीमागून रात्री आकाशाचे मोठमोठे तुकडे टिपत राहिले. शंभर वर्षांत पाच लाखांवर काचपट्ट्या साठल्या. एकेका पट्टीवर हजारो तारे असत. काय टिपले गेले हे त्या रात्री कोणी पाहिले नसले तरी चालत होते, कारण पट्टी कपाटात थांबून राहू शकत होती.

पट्ट्या वाचण्याचे काम स्त्रियांकडे आले, कारण त्यांना तासाला पंचवीस-तीस सेंट देऊन भागत असे. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके मोठे काम क्वचितच झाले असेल. विल्यमिना फ्लेमिंग मूळच्या स्कॉटलंडच्या, पिकरिंगच्या घरी मोलकरीण म्हणून लागल्या होत्या. त्यांची शोधण्याची रीत उलटी होती. भिंगापुढे लोलक बसवून घेतलेल्या पट्टीवर ताऱ्याच्या ठिपक्याऐवजी त्याचा छोटा वर्णपट उमटतो. मीरासारख्या दीर्घ आवर्तकालाच्या ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा काळ्या न दिसता उजळ दिसतात हे फ्लेमिंगबाईंनी हेरले. अशी रेषा दिसली की त्या त्याच जागेच्या जुन्या पट्ट्या काढून तेज बदलले आहे का ते तपासत. म्हणजे वर्ग आधी कळायचा आणि बदल नंतर सिद्ध व्हायचा. त्यांनी असे दोनशेहून अधिक तारे शोधले.

हेन्रिएटा लेव्हिट यांची रीत निराळी होती. छायाचित्राच्या उलट्या प्रतीवर तारे काळे दिसतात. एका रात्रीच्या पट्टीवरून सुलटी प्रत तयार केली तर तीत तारे पांढरे येतात. ती सुलटी प्रत दुसऱ्या रात्रीच्या उलट्या पट्टीवर बरोबर जुळवून ठेवली की स्थिर ताऱ्यांचे काळे-पांढरे ठिपके एकमेकांना झाकतात. जो तारा बदलला असेल त्याच्या काळ्या ठिपक्याभोवती पांढरी कड राहते किंवा पांढरा ठिपका काळ्यात बुडून जातो. तेजाचा आकडा काढायला काचेच्या पट्टीवर ज्ञात तेजाच्या ताऱ्यांचे ठिपके ओळीने उमटवलेले असत. माशी मारायच्या फटक्यासारख्या दिसणाऱ्या या साधनाला कचेरीत नावही तसेच पडले होते. या पद्धतीने लेव्हिटबाईंना मॅगेलनी मेघ या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांत १,७७७ रूपविकारी तारे सापडले. १९०८ मध्ये ती यादी छापली गेली, तेव्हा त्यांतल्या फक्त सोळांचे आवर्तकाल ठरले होते. उजळ ताऱ्यांचे आवर्तकाल मोठे आहेत, एवढे एक वाक्य त्यांनी तिथे टाकले. १९१२ मध्ये पंचवीस ताऱ्यांवरून त्यांनी तो संबंध आलेखात मांडला. हे सारे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्या अंतरावर असल्यामुळे दिसणारे तेज थेट खऱ्या तेजाशी जोडता येत होते. विस्तृत पाहणीचा खरा लाभ इथे दिसतो. सुटे सुटे तारे कितीही काळजीने पाहिले असते तरी हा नियम हाती लागला नसता.

वर्गीकरण मात्र अजून बाळबोध होते. पिकरिंगने १८८० च्या सुमारास पाच वर्ग केले होते: नवतारे, दीर्घ आवर्तकालाचे तारे, अनियमित तारे, लघु आवर्तकालाचे तारे आणि मायावतीसारखे पिधानकारी तारे. ही विभागणी प्रकाशवक्राच्या आकारावर आणि कालावधीवर होती, कारणावर नव्हती. डेल्टा वृषपर्वा जातीचे सेफिड तारे जोडतारे नसून स्वतःच स्पंदन पावतात, हे हार्लो शॅप्लीने १९१४ मध्ये आग्रहाने मांडले. ताऱ्याच्या बाह्य थरातले आयनीभूत हेलियम उष्णता अडवते व सोडते आणि त्यातून हे स्पंदन चालू राहते, हा उलगडा व्हायला १९५० चे दशक उजाडले.

वर्ग चुकला तर काय होते याचे सर्वांत महागडे उदाहरण याच सेफिड ताऱ्यांचे आहे. शॅप्लीने गोलाकार तारकागुच्छांतले सेफिड आणि आकाशगंगेच्या तबकडीतले सेफिड एकाच माळेत ओवले. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबलला देवयानी अभ्रिकेत एक तारा सापडला. आधी नवतारा समजून त्याने पट्टीवर एन हे अक्षर लिहिले, मग ते खोडून रूपविकारी अशी खूण केली. या ताऱ्यावरून देवयानी आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली आणि तिचे अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आले. पुढे वॉल्टर बाडेने पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीतून देवयानीतले आरआर स्वरमंडळ जातीचे, म्हणजे ठरावीक खऱ्या तेजाचे स्पंदनशील तारे शोधून पाहिले. ठरलेल्या अंतरावर ते दिसायला हवे होते, पण दिसले नाहीत. याचा अर्थ देवयानी मानल्यापेक्षा दूर आहे, सेफिडांच्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि तबकडीतली जात समजल्यापेक्षा दीडेक प्रतीने उजळ आहे. १९५२ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात बाडेने हे जाहीर केले आणि एका रात्रीत विश्वातली अंतरे दुप्पट झाली. आकाशात काहीच हलले नव्हते, दोन खाने वेगळे झाले होते.

दरम्यान शोधण्याची यंत्रे सुधारत होती. जर्मनीत झाइसच्या कार्ल पुलफ्रिखने लुकलुक-तुलनायंत्र बनवले. त्यात दोन पट्ट्या आलटून पालटून एकाच नेत्रिकेत दिसतात आणि बदलणारा तारा डोळा मिचकावल्यासारखा फडफडतो. प्लूटो १९३० मध्ये याच प्रकारच्या यंत्रावर सापडला. थुरिंगियातल्या सोनेबर्ग वेधशाळेत कूनो हॉफमाइस्टरने हार्वर्डच्या धर्तीवर आकाशाचा पहारा चालवला आणि एकट्याने सुमारे दहा हजार रूपविकारी तारे शोधले. त्यांतला एक १९२९ मध्ये सरठ समूहात सापडला आणि रीतीप्रमाणे त्याला बीएल सरठ हे नाव मिळाले. तो तारा नाही, दूरच्या दीर्घिकेचे धगधगते केंद्र आहे, हे १९६८ मध्ये त्याचा रेडिओ उगमाशी मेळ बसला तेव्हा कळले. अशा केंद्रांच्या एका संपूर्ण वर्गाला आज त्याच चुकीच्या नावाने ओळखतात.

सापडलेल्या ताऱ्यांवर पाळत ठेवण्याचे काम बरेचसे हौशी निरीक्षकांनी उचलले. त्यासाठी १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेला जगभरातून नोंदी जात. बंगालमधल्या जेसोरच्या कोषागारात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी तिला सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. हार्वर्डने त्यांना सहा इंची दुर्बीण उसनी दिली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि मग तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत गेली. नावे देण्याचा व सूची राखण्याचा अधिकार दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून मॉस्कोकडे गेला. कुकार्किन आणि पारेनागो यांनी १९४८ मध्ये काढलेल्या सर्वसाधारण सूचीत दहा हजारांवर तारे होते. स्फोटक, स्पंदनशील, परिभ्रमी, प्रलयी आणि पिधानकारी ही आजची ढोबळ विभागणी याच सूचीच्या आवृत्त्यांतून स्थिरावली.

दुसरी मोठी उडी पुन्हा भलत्याच हेतूने घेतली गेली. अदृश्य द्रव्याचे गोळे दूरच्या ताऱ्यासमोरून गेले तर गुरुत्वाने त्या ताऱ्याचा प्रकाश काही दिवस वाढेल, ही कल्पना बोहदान पाचिन्स्कीने १९८६ मध्ये मांडली. अशी घटना एका वेळी दहा लाखांत एखाद्याच ताऱ्याच्या वाट्याला येणार, म्हणून कोट्यवधी ताऱ्यांवर रोज रात्री नजर ठेवणे भाग होते. ऑस्ट्रेलियातल्या स्ट्रॉम्लो पर्वतावर 'माचो' आणि चिलीतल्या लास कँपानासवर आंद्रे उदाल्स्की यांच्या नेतृत्वाखाली पोलंडचा 'ओगल' हे प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाले. त्यांच्या दृष्टीने रूपविकारी तारे म्हणजे धान्यातले खडे होते. ते निवडून बाजूला टाकायचे. खड्यांचा ढीग मात्र धान्याहून मोलाचा निघाला. ओगलच्या सूचीतले रूपविकारी तारे आज दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. २०१७ मध्ये त्याच ढिगात वीस ते चाळीस मिनिटांत स्पंदणाऱ्या निळ्या ताऱ्यांची एक नवीच जात मिळाली.

हे शक्य झाले ते सीसीडी हे इलेक्ट्रॉनिक प्रकाशग्राहक आणि संगणक यांच्या जोडीमुळे. गर्दीच्या भागात ताऱ्यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. अलार आणि लप्टन यांनी १९९८ मध्ये दोन रात्रींच्या प्रतिमा सारख्या धूसर करून एकीतून दुसरी वजा करण्याचे गणित दिले. वजाबाकीनंतर उरते ते फक्त बदललेले. लेव्हिटबाईंच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचीच ही आकड्यांतली आवृत्ती म्हणावी लागेल. दुसऱ्या टोकाला पाचिन्स्कीच्याच प्रेरणेने ग्झेगोश पोयमान्स्कीने कॅमेऱ्याच्या साध्या भिंगांनी १९९७ मध्ये 'आसास' ही पाहणी सुरू केली. बाराव्या प्रतीपर्यंतच्या रूपविकाऱ्यांपैकी नव्वद टक्के अजून सापडलेलेच नाहीत असे पाचिन्स्की म्हणत असे, आणि त्या लहानशा भिंगांनी त्याचे म्हणणे खरे करून दाखवले.

आता अडचण ओळखण्याची होती. नोंदी विखुरलेल्या असतात. दिवसा, ढगाळ रात्री आणि पौर्णिमेच्या आसपास खंड पडतो. म्हणून संगणक एकेक संभाव्य आवर्तकाल घेतो, सगळ्या नोंदी त्या मापाने घडी घालून एकावर एक ठेवतो आणि कोणत्या घडीत वक्र सुबक बसतो ते पाहतो. लॉम्ब (१९७६) आणि स्कार्गल (१९८२) यांची पद्धत यासाठी सर्वत्र चालते. तरी पृथ्वीची चोवीस तासांची फेरी फसवतेच. सोळा तासांत एक फेरा पुरा करणारा तारा रोज एकाच वेळी पाहिला तर तो अठ्ठेचाळीस तासांचा वाटतो, कारण दोन्ही हिशेबांत आज-उद्याच्या नोंदी तंतोतंत सारख्या येतात. दुसरा सापळा एकमेकांना चिकटून फिरणाऱ्या जोडताऱ्यांचा. त्यांच्या एका प्रदक्षिणेत दोन जवळपास सारखी पिधाने होतात, म्हणून संगणक निम्मा आवर्तकाल देतो आणि तसा वक्र आरआर स्वरमंडळ जातीच्या एका उपप्रकारासारखा दिसतो. नुसत्या प्रकाशवक्रावरून या दोघांना वेगळे करताना अनेक सूची घसरल्या आहेत.

सोडवणूक अंतराळातून झाली. हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाचे काम ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे होते. त्याच्या १९९७ च्या सूचीतल्या १,१८,२१८ ताऱ्यांपैकी ११,५९७ रूपविकारी निघाले, आणि त्यांतले ८,२३७ आधी कोणालाच माहीत नव्हते. त्याचा वारस गाइया. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाइयाच्या तिसऱ्या सूचीत रूपविकारी स्रोतांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. गाइयाने अंतरेही दिल्यामुळे खरे तेज कळू लागले. आरआर स्वरमंडळ जातीचा तारा सूर्याच्या चाळीस-पन्नास पट तेजस्वी असतो, चिकटलेली जोडी सूर्याच्या आगेमागे असते. वक्र सारखे असले तरी दोघांची गल्लत करायला आता जागा उरली नाही.

जमिनीवरच्या पाहण्यांत पालोमारची अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण महत्त्वाची ठरली. १९५० च्या दशकात तिने काचेवर आकाशाचा नकाशा काढला होता. तिच्यावर आधी २००९ मध्ये एक आणि २०१८ पासून 'झ्विकी' ही पाहणी उभी राहिली ती श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. २०२४ चे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले. झ्विकीचा कॅमेरा एका झटक्यात ४७ चौरस अंश आकाश टिपतो. तिच्या नोंदींतून २०२० मध्ये ७,८१,६०२ आवर्ती तारे वर्गवार लावले गेले. लडाखमधल्या हान्ले इथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ मध्ये सुरू केली. अशा पाहण्यांत अचानक उजळलेल्या गोष्टींचा ती पाठपुरावा करते.

एवढ्या संख्येला माणसाची नजर पुरणे अशक्य, म्हणून वर्गीकरण यंत्र-शिक्षणाकडे गेले. ओळखीच्या ताऱ्यांचे आवर्तकाल, वक्राचे आकार, रंग असे गुण संगणकाला शिकवायचे आणि अनोळखी ताऱ्यासाठी प्रत्येक वर्गाची संभाव्यता काढायची. दोष शिकवणीतच असतो. ओळखीचे तारे बहुधा जवळचे, उजळ आणि ठळक बदलाचे असतात, त्यामुळे मंद व दुर्मीळ जातीचा तारा आला की यंत्र त्याला जवळच्या ओळखीच्या खान्यात आत्मविश्वासाने कोंबते. हॉफमाइस्टरच्या हातून बीएल सरठचे झाले तेच आता संगणकाच्या हातून होऊ शकते, फरक एवढाच की रात्रीला हजारो वेळा. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर आरशाने टिपलेली पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याकडून रात्रीला एक कोटीपर्यंत बदलांच्या सूचना अपेक्षित आहेत.

नव्या पाहण्या फार तर काही दशकांच्या आहेत. शतकभराचा बदल पाहायचा तर काचपट्ट्यांशिवाय गत्यंतर नाही. म्हणून हार्वर्डने चार लाखांहून अधिक पट्ट्या खास यंत्रावर क्रमाने संगणकात घेतल्या. हे काम २०२४ मध्ये पुरे झाले. पट्ट्यांवर फ्लेमिंग, लेव्हिट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी शाईने केलेल्या खुणा, बाण आणि आकडे होते. यंत्राला तारे नीट दिसावेत म्हणून त्या खुणांची आधी छायाचित्रे घेतली गेली आणि मग बहुतेक पट्ट्यांवरची शाई पुसण्यात आली. ऐतिहासिक महत्त्वाच्या निवडक पट्ट्या मात्र शाईसह तशाच राखून ठेवल्या आहेत.